साक्षीदाराची उलटतपासणी : अवजड एंजिनांवरील मापके व संवेदक यांच्या दोषनिदानाचा इतिहास

अवजड यंत्रसामग्रीच्या एंजिनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा शक्तीवर खिळलेली असते. अश्वशक्ती किती वाढली, कोळसा किंवा तेल किती वाचले, कोणत्या देशाने केव्हा आघाडी घेतली, ह्या प्रश्नांभोवतीच विवेचन फिरत राहते. एंजिनाच्या पोटात काय चालले आहे ह्याची वार्ता बाहेर आणणारी जी लहानसहान साधने, म्हणजे सुरक्षा-झडप, पाण्याची काच, दाबमापक आणि अलीकडचे विद्युत् संवेदक, त्यांचा निर्देश झालाच तर ओझरता होतो. आणि त्यातही कथासूत्र ठरलेले असते. पूर्वी मापके नव्हती म्हणून अपघात होत; पुढे मापके आली आणि अपघात कमी झाले. प्रत्यक्ष पुरावा ह्या सरळ सूत्राला फारसा अनुकूल नाही. एकोणिसाव्या शतकातील कित्येक बॉयलर-स्फोटांत मापक जागेवर होते. परंतु ते खोटे सांगत होते, मुके झाले होते, अथवा मुद्दाम मुके केले गेले होते. संवेदकांच्या इतिहासाचा गाभा म्हणूनच मापक कोणी शोधून काढले हा नसून, त्याच्या साक्षीची पारख करण्याची रीत कशी घडत गेली हा आहे. ह्या रीतीशी आणखी एक प्रश्न जडलेला आहे. अपघात झाल्यावर दोष कोणाच्या माथी मारावयाचा? साक्षीदार खोटा ठरविण्याचे साधनच हाताशी नसेल, तर दोष यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे जातो.

८ सप्टेंबर १८०३ रोजी लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक ह्या कॉर्निश अभियंत्याच्या उच्चदाबाच्या एंजिनाचा बॉयलर फुटला आणि ४ माणसे प्राणास मुकली. एंजिनावर नेमलेला मुलगा वाम मासे धरावयास गेला होता. त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्या एका कामगाराने एंजिन थांबविले. पण सुरक्षा-झडप मोकळी केली नाही. वाफेला वाट उरली नाही आणि ओतीव लोखंडाचे ते पात्र फुटले. कमी दाबाच्या वाफेचे पुरस्कर्ते बोल्टन आणि वॉट ह्यांनी ह्या घटनेचे भांडवल केले अशी ट्रेव्हिथिकची तक्रार होती, आणि तंत्रविद्येच्या इतिहासग्रंथांत ही चकमकच अधिक रंगवून सांगितली जाते. अधिक महत्त्वाची गोष्ट ट्रेव्हिथिकने त्यानंतर काय केले ही होय. त्याने एकाऐवजी दोन झडपा बसविण्याचे ठरविले. शिवाय पाऱ्याचा दाबमापक असा जोडावयाचा की, झडप अडकून बसलीच तर पारा उडून जावा आणि त्याच वाटेने वाफ सुटावी. तिसरी योजना शिशाच्या गुडदीची. बॉयलरातील पाणी धोक्याच्या पातळीखाली गेले की उघडी पडलेली ही गुडदी वितळते आणि वाफ आगीवर सुटून धोक्याची वर्दी आपोआप मिळते. ह्यातील मर्म असे की, झडप स्वतःच नादुरुस्त होऊ शकते हे येथे गृहीत धरलेले आहे. एका साक्षीदारावर दुसरा नेमण्याची कल्पना ही अशी आरंभापासूनच आढळते. मात्र गुडदी स्वतः खोटी ठरेल, ही शंका ट्रेव्हिथिकला आलेली दिसत नाही.

ती शंका पुढे फिलाडेल्फियात तपासली गेली. १८३० मध्ये मिसिसिपी नदीवर मेम्फिसपाशी ‘हेलेन मॅक्ग्रेगर’ ह्या आगबोटीचा बॉयलर फुटून मोठी प्राणहानी झाली. त्याच वर्षी फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटने बॉयलर-स्फोटांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी समिती नेमली. अलेक्झांडर डलास बेक हे तिचे प्रमुख होते. प्रयोगांसाठी अमेरिकेच्या संघीय कोषागाराने पैसा पुरविला, आणि तांत्रिक संशोधनास त्या सरकारने दिलेले हे पहिले साहाय्य म्हणून ह्या समितीचे नाव घेतले जाते. पण समितीचे खरे वैशिष्ट्य तिने विचारलेल्या प्रश्नांत आहे. बॉयलर का फुटतात एवढेच विचारून ती थांबली नाही. बॉयलरावरील रक्षक साधने खरे बोलतात काय, हेही तिने प्रयोगाने पाहिले. बॉयलरास काचेच्या खिडक्या बसवून तिने आतील पाणी डोळ्यांनी न्याहाळले. त्या काळी पाण्याची पातळी पाहण्यासाठी निरनिराळ्या उंचीवर तोट्या बसवीत; तोटी उघडली असता पाणी आले की पातळी तेथपर्यंत आहे असे समजत. प्रयोगात असे दिसले की, तोटी उघडताच दाब कमी होऊन आतील पाणी फेसाळते व वर चढते. म्हणजे पातळी पाहण्याची क्रियाच पातळीविषयी खोटी साक्ष निर्माण करीत होती.

वितळणाऱ्या मिश्रधातूंच्या गुडद्यांची स्थिती याहून वाईट निघाली. शिसे, कथील व बिस्मथ यांच्या ह्या मिश्रणातील लवकर वितळणारा भाग उष्णतेने व दाबाने हळूहळू पिळून बाहेर पडतो, आणि मागे उरलेला गोळा अपेक्षेपेक्षा फार अधिक तापमानाला वितळतो. त्यात गुडदीवर क्षारांचा थर साचला म्हणजे तिला खऱ्या परिस्थितीचा पत्ताच लागत नाही. गुडदी जागेवर दिसते, तिचे अस्तित्व तपासनीसाच्या वहीत नोंदलेले असते. मात्र ज्या क्षणासाठी ती आहे त्या क्षणी ती गप्प राहते. आजच्या परिभाषेत ज्यास संवेदकाचा क्रमिक ऱ्हास म्हणतात, त्याचे हे बहुधा पहिले प्रायोगिक निदान होय. गुडदी ठरावीक मुदतीने बदलावी हा पुढे सर्वत्र रूढ झालेला नियम ह्याच जातीच्या अनुभवातून आला. संवेदकाला आयुष्य असते आणि ते संपण्यापूर्वीच तो काढावयाचा असतो, हे त्या नियमाचे तात्पर्य.

तोट्यांची जागा पाण्याच्या काचेने घेतली. उभ्या नळीत पातळी थेट दिसत असल्याने येथे खोटेपणास वाव नाही असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु ह्या काचेचे दोष फसवे आहेत. वरचा, वाफेचा मार्ग चोंदला तर नळीत अडकलेली वाफ निवते, तेथे पोकळी होते आणि खालचे पाणी वर ओढले जाते. बॉयलर रिता होत असतानाही काच भरलेली दिसते. खालचा, पाण्याचा मार्ग चोंदला तर काचेतील पाणी आहे तेथेच राहते, उलट वरून निवून येणाऱ्या वाफेने सावकाश वाढते. दोन्ही प्रसंगी चूक एकाच दिशेने होते, आणि ती दिशा धोक्याची आहे. म्हणून काच ‘फुंकण्याची’ पद्धत पडली. तळाची निचऱ्याची तोटी उघडावयाची. पाण्याची तोटी बंद करून केवळ वाफ जोराने येते का पाहावयाचे. नंतर वाफेची बंद करून केवळ पाणी येते का पाहावयाचे. शेवटी निचरा बंद करून दोन्ही तोट्या उघड्या ठेवल्या असता पाणी चपळाईने आपल्या जागी चढते का, हे पाहावयाचे. पाणी रेंगाळत चढले तर मार्ग अर्धवट चोंदला आहे असे समजावयाचे. मुंबईच्या गिरण्यांतील बॉयलरवाल्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी पाळी सुरू होताना हा विधी केला. त्यांच्यापैकी बहुतेकांना त्यामागील भौतिकी कोणी सांगितली नसेल. पण विधीची रचना निर्दोष आहे. मापकाचे सांगणे ऐकण्यापूर्वी त्याला दोन ज्ञात परिस्थितींत घालून त्याचे उत्तर पडताळावयाचे, ही ती रचना.

दाबाच्या बाबतीत १८४९ साली फ्रेंच यंत्रज्ञ यूजेन बूर्दाँ याने एकस्व घेतलेली चपटी वक्र नळी निर्णायक ठरली. नळीत दाब चढला की ती उलगडू पाहते आणि ती हालचाल काट्याला मिळते. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात तिचा गौरव झाला आणि पाऱ्याच्या उंच, नाजूक नळ्या फिरत्या एंजिनांवरून हद्दपार झाल्या. ह्या मापकाचेही दोष लवकरच ध्यानी आले. तप्त वाफ नळीत शिरली तर धातूची स्थितिस्थापकता बिघडते. म्हणून मापकाच्या अलीकडे वेटोळ्याची नळी घालून तीत पाणी साठू देतात, म्हणजे दाब पोहोचतो पण वाफ पोहोचत नाही. प्रतिबंधाचा इतका स्वस्त आणि इतका टिकाऊ उपाय यंत्रविद्येत क्वचित सापडेल. दुसरा दोष मात्र पुष्कळ काळ तसाच राहिला. काटा शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून तबकडीवर लहानशी खुंटी असते. काटा कमी दाखवू लागला, तरी दाब नसताना तो खुंटीवर टेकून शून्यावरच दिसतो. रिकाम्या बॉयलरावर मापक निर्दोष भासतो, आणि चालू बॉयलरावर तो खऱ्याहून कमी दाब सांगतो. तपासनीसाने आपला प्रमाणित मापक जोडून पाहिल्याविना हा दोष उघडकीस येत नाही. भारतीय बॉयलर नियमावलीत प्रत्येक बॉयलरावर तपासनीसाच्या मापकासाठी स्वतंत्र जोड आवश्यक मानला गेला तो ह्यासाठीच.

दोषारोपाचा प्रश्नही ह्याच काळात ऐरणीवर आला. बॉयलर फुटला की फायरमनने पाणी कमी पडू दिले, असा निष्कर्ष इंग्लंडमधील मृत्युचौकशांत सहज निघे. आणि फायरमन बहुधा जिवंत नसल्याने त्याला उत्तर देता येत नसे. मालक, बॉयलर बनविणारा आणि मापक, तिघेही सुटत. १८५४ मध्ये विल्यम फेअरबेर्न आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने मँचेस्टरला वाफयंत्र वापरणाऱ्यांची जी संघटना निघाली, तिने नियमित तपासणीतून वेगळेच चित्र उभे केले. गंजून पातळ झालेले पत्रे, अडकलेल्या झडपा, न चालणारे मापक ही कारणे पुन्हापुन्हा पुढे आली. ही कारणे आधी ओळखता येण्याजोगी आणि म्हणूनच टाळता येण्याजोगी होती. १८८२ च्या ब्रिटिश बॉयलर-स्फोट कायद्याने प्रत्येक स्फोटाची तांत्रिक चौकशी व्यापारमंडळाकडे सोपविली. हिंदुस्थानात १८६३ मधील कलकत्त्याच्या स्फोटानंतर १८६४ चा बंगालचा कायदा झाला, इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि त्या सर्वांच्या जागी १९२३ चा अखिल भारतीय कायदा आला. २०२५ पर्यंत तोच चालू होता. ह्या कायद्यांचा इतिहास सामान्यतः कामगार-संरक्षणाच्या सदराखाली मांडला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि फायरमनवर ठपका ठेवण्यापूर्वी त्याला माहिती देणारी साधने धड होती काय हे पाहावे, हे पुराव्याचे तत्त्वही त्यांतूनच रुजले, ह्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

डीझेल एंजिनाबरोबर धोक्याचे स्थान बदलले. बॉयलर गेला, पण एंजिनाच्या आत वंगणतेल, तप्त दट्टे आणि वेगाने फिरणारे भुजादंड एकत्र आले. ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेइना देल पॅसिफिको’ हे प्रवासी जहाज उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ चाचणीसाठी निघाले असता त्याच्या एंजिनांच्या क्रँककेसांत स्फोट होऊन २८ माणसे मेली. मूळ कारण दट्ट्याच्या अतितापनात सापडले. तप्त जागी तेलाची वाफ होते, ती थंड भागात निवून धुक्यासारखी पसरते, आणि हवेच्या लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम तेल तरंगू लागले की ठिणगीची वाट पाहणारे स्फोटक मिश्रण तयार होते. तेलाचा दाब व पाण्याचे तापमान सांगणारी मापके अशा वेळी सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देऊ शकतात, कारण त्यांना विचारलेला प्रश्नच निराळा असतो. पुढे मोठ्या सागरी एंजिनांवर तैलधुके-शोधक आले. त्यांतील तुलनेची योजना लक्षणीय आहे. एकेका कप्प्यातील हवेचा नमुना आळीपाळीने ओढून, त्यातून जाणारा प्रकाश इतर कप्प्यांच्या नमुन्याशी ताडून पाहिला जाई. सर्व कप्पे थोडेफार धुरकट असले तर ते एंजिनाचे सामान्य वय. एकच कप्पा वेगळा निघाला तर तेथे काही तापले आहे. शेजाऱ्यांच्या साक्षीशी जुळवून पाहण्याची ही पद्धत पुढे संवेदकांच्या निदानात मध्यवर्ती झाली.

मापक विजेवर आल्यानंतर खुंटीवरच्या काट्याचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. तार तुटली तर तीतून काहीच येत नाही. आणि ‘काहीच नाही’ ह्याचा अर्थ शून्य दाब असा लावावा की शून्य वार्ता असा? तपयुग्माचे उदाहरण बोलके आहे. एंजिनाच्या निष्कासाचे तापमान मोजणारे तपयुग्म तुटले की साधा मापक कमी तापमान दाखवितो, म्हणजे जळू लागलेल्या एंजिनाला थंड म्हणतो. म्हणून मंडल असे रचू लागले की, तपयुग्म तुटताच काटा मुद्दाम वरच्या टोकाला जावा. मापकाने खोटे बोलावयाचेच असेल तर कोणत्या बाजूने बोलावे, ह्याचा निर्णय येथे आधीच घेतलेला असतो. उद्योगांतील नियंत्रणव्यवस्थेत ह्या विचाराने ‘जिवंत शून्य’ हे रूप घेतले. वायुदाबाच्या संकेतांत चौरस इंचास ३ ते १५ पौंड आणि विद्युत् संकेतांत ४ ते २० मिलिअँपिअर ही पल्ल्यांची मर्यादा ठरली. शून्य मोजमाप म्हणजे ४ मिलिअँपिअर. त्याखाली घसरलेला संकेत हे मोजमाप नव्हेच, तो बिघाड आहे. खुंटी काढून टाकण्याचे काम अशा रीतीने बूर्दाँनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झाले.

रस्त्यावरील व खाणींतील अवजड एंजिनांत हा विचार इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाबरोबर आला. अमेरिकेत डेट्रॉइट डीझेलने १९८५ मध्ये अवजड डीझेलसाठी अशी व्यवस्था बाजारात आणली. इतरांनी लवकरच अनुकरण केले. त्यास प्रेरणा सुरक्षिततेची नव्हती, मुख्यतः धुराच्या नियमांची होती. रस्त्याबाहेरील यंत्रांसाठी अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात बांधकाम-यंत्रांसाठी २००७ पासून जे टप्पे आले, त्यांत प्रत्येक वेळी एंजिनावरील संवेदकांची संख्या वाढत गेली. पूर्वी चालक काटा वाचीत असे. आता नियंत्रक वाचतो आणि त्यावरून इंधन कमी करतो वा एंजिनाची शक्ती उतरवितो. संवेदकाच्या खोट्या साक्षीने एक्स्कॅव्हेटर दगडखाणीत अडकून पडू शकतो, आणि खऱ्या साक्षीकडे काणाडोळा केला तर एंजिन आवळून बसते.

ह्या व्यवस्थेतील सामान्य दाब-संवेदकाला ५ व्होल्टचा पुरवठा असतो व तो ०·५ ते ४·५ व्होल्टच्या दरम्यान उत्तर देतो. दोन्ही टोकांना राखून ठेवलेला अर्धा व्होल्ट म्हणजे जिवंत शून्याचाच विस्तार. १९९० च्या दशकात प्रस्थापित झालेल्या एस.ए.ई. जे-१९३९ ह्या मानकाने त्याला भाषा दिली. प्रत्येक बिघाडाचे दोन अंक असतात. पहिला विषय सांगतो. उदाहरणार्थ, १०० म्हणजे वंगणतेलाचा दाब, ११० म्हणजे शीतक-पाण्याचे तापमान. दुसरा अंक बिघाडाचा प्रकार सांगतो. प्रकार १ म्हणजे वार्ता विश्वसनीय आहे आणि दाब खरोखरच धोकादायक रीतीने उतरला आहे. प्रकार ३ किंवा ४ म्हणजे विद्युद्दाब मर्यादेबाहेर वर वा खाली गेला आहे, म्हणजे वार्ताहरच बिघडला आहे. प्रकार २ म्हणजे वार्ता वेडीवाकडी येते. रोगाची नोंद आणि साक्षीदाराच्या दोषाची नोंद ह्यांत येथे व्याकरणानेच भेद केला आहे. एकोणिसाव्या शतकातील मृत्युचौकशीत हाच भेद करता येत नव्हता. एखाद्या चालकाने तेलाचा इशारा दुर्लक्षिला असा आरोप आला, तर नियंत्रकाच्या स्मृतीतील दुसरा अंक त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलू शकतो.

परंतु अंकांची ही भाषा वाचणारे पुष्कळदा अर्धीच वाचतात. प्रकार ३ लागला की संवेदक बदलावयाचा, हा कार्यशाळांतील सर्रास परिपाठ आहे. वस्तुतः अंक फक्त विद्युद्दाबाविषयी बोलतो. दोष संवेदकात, जोडणीत, तारेत की नियंत्रकात, हे तो सांगत नाही. पाण्याच्या तापमानाचा संवेदक घेतला तर तो तापला की त्याचा विद्युत्-रोध कमी होतो. तार तुटली असता नियंत्रकाला रोध अनंत भासतो, विद्युद्दाब वर चढतो, आणि उकळते एंजिन उणे ४० अंशांवर असल्याची नोंद होऊ शकते. तसेच अनेक संवेदक ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर असतात. त्यांपैकी एकाची तार घासून सांगाड्याला टेकली की सर्वांचा पुरवठा कोसळतो आणि पाचसहा निरपराध संवेदकांवर एकदम आरोप येतो. अशा वेळी जाणता कारागीर एकेका संवेदकाची जोडणी सोडवीत जातो. ज्याची सोडताच उरलेले सर्व पूर्ववत् बोलू लागतात, त्याच्याच वाटेवर दोष असतो. जोडणीत शिरलेले पाणी, दाबाच्या पाण्याने केलेली धुलाई, कंपनाने एकमेकींवर घासून काळवंडलेल्या टाचण्या आणि तपासणीच्या सुईने वेष्टनाला पाडलेली भोके ही खरी कारणे फार वेळा आढळतात. तार दोन आधारांमध्ये झोके घेणार नाही अशी बांधणे, जोडणीचे रबरी वेष्टन शाबूत ठेवणे आणि वेष्टनाला भोक न पाडता मागून तपासणे हे प्रतिबंधाचे उपाय वेटोळ्याच्या नळीच्याच जातीचे आहेत. त्यांचा खर्च नगण्य, पण कोणी तरी ते आठवणीने करावे लागतात.

मर्यादेच्या आत राहून खोटे बोलणारा संवेदक अधिक कठीण. त्याच्यासाठी नियंत्रक शेजाऱ्यांची साक्ष काढतो. रात्रभर उभ्या असलेल्या एंजिनात सकाळी पाण्याचे, इंधनाचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे असले पाहिजे; चावी फिरविली पण एंजिन सुरू झाले नाही अशा क्षणी हवेच्या दाबाच्या संवेदकाने वातावरणाचाच दाब सांगितला पाहिजे. तैलधुके-शोधकाची तुलना आणि ही तुलना एकाच कुळातील होत.

तारेचा दोष की संवेदकाचा, हे ठरविण्याची एंजिन-निर्मात्यांच्या दुरुस्तीपुस्तकांतील रीतही जुन्या ओळखीची आहे. संवेदकाची जोडणी सोडवावयाची. नियंत्रकाने ‘तार तुटली’ अशी नोंद केली पाहिजे. मग जोडणीतील संकेताची व परतीची टाचणी लहानशा तारेने एकमेकींस जोडावयाची. आता नोंद उलटून विद्युद्दाब खाली गेल्याची झाली पाहिजे. दोन्ही वेळा नोंद अपेक्षेप्रमाणे बदलली तर तारा व नियंत्रक धड आहेत आणि संवेदक बदलणे रास्त आहे. एकदाही बदलली नाही तर नवा संवेदक बसवूनही तोच अंक परत येईल. एक तोटी बंद करून वाफ, दुसरी बंद करून पाणी, आणि शेवटी पातळी जागेवर येते की नाही हे पाहणाऱ्या गिरणीतील बॉयलरवाल्याला ही कृती परकी वाटली नसती. फरक इतकाच की, त्याला ती दर पाळीला करावी लागे, आणि आजचा कारागीर ती बहुधा दुसरा संवेदकही निकामी ठरल्यानंतर करतो.